दिवस मावळायच्या आत लिहून ठेवा

सांगलीच्या कोर्टापाशी एका वकिलांच्या कचेरीत मी टायपिस्ट होते. हमाल, गोडाऊनमधले कामगार, ट्रकवरचे क्लीनर, गिरणीतून कमी केलेली माणसं, सगळ्यांचे अर्ज माझ्या हाताखालून गेले. आता माझ्या भाच्याचे मित्र घरी येतात. कुणी मिरजेत पार्सलं वाटतो, कुणी विट्याला, कुणी कराडला, एक जण साताऱ्यात पोवई नाक्याच्या पुढे. टी-शर्टवर मोठ्या कंपनीचं नाव, पगार मात्र व्हेंडरकडून, आणि त्या व्हेंडरलाही काम दुसऱ्याच कुणाकडून मिळालेलं. सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच: "आत्या, पैसे कमी आले." किती कमी, कोणत्या तारखेचे, कशापोटी, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

पोरांनो, खरं बोलणारी माणसं तारीख सांगता न आल्यामुळे हरलेली मी पाहिली आहेत. म्हणून जे मला ठाऊक आहे ते तुमच्या पदरात टाकते.

1. मालक कोण, ते आधी कागदावर आणा

काही बिनसलं की पहिलं उत्तर येतं, "तू आमचा माणूसच नाहीस." कंपनी व्हेंडरकडे बोट दाखवते, व्हेंडर कंपनीकडे. म्हणून सगळं सुरळीत असतानाच पुरावा गोळा करा. नेमणुकीचा मेसेज, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचा फोटो, टी-शर्ट आणि पिशवी दिल्याची नोंद, हबच्या पाटीचा फोटो, रोजचा रूट कोण ठरवतं त्याचा मेसेज, सुट्टी कुणाकडे मागता तो मेसेज, कॅश जमा केल्याची पावती. बँकेच्या पासबुकात पगार कुणाच्या नावाने जमा होतो त्या ओळीखाली रेघ मारा. पगार रोखीत मिळत असेल तर त्याच दिवशी व्हेंडरला मेसेज टाका: "आज जूनचे इतके रुपये रोख मिळाले." त्याने नुसता अंगठा दाखवला तरी ती नोंद झाली.

हे का करायचं? 1978 साली केरळातल्या दोरखंडाच्या कारखान्यातल्या कामगारांचा हुसेनभाई खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मालक म्हणाला, ही माणसं ठेकेदाराची. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी मधला पडदा बाजूला सारून पाहिलं: माल कुणाच्या धंद्यासाठी तयार होतो आणि कामगाराच्या पोटाची दोरी कुणाच्या हातात आहे? तोच मालक. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये उबरच्या चालकांचा निकाल देताना करारातल्या शब्दांपेक्षा प्रत्यक्ष काम कसं चालतं ते पाहिलं. हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी पुराव्यावरच सुटतो. वर सांगितलेले फोटो आणि पावत्या म्हणजे तो पुरावा.

2. वही रोज लिहा, आणि आकड्यांत लिहा

शंभर पानी वही घ्या. पानं सुटी होणारी नको, शिवलेली घ्या. पानांना आधीच नंबर घाला. पेनाने लिहा. चुकलं तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा. खोडरबर, पांढरी शाई काही लावू नका. मधलं पान फाडलं की सगळ्या वहीवर संशय येतो.

एका दिवसाची नोंद कशी असावी ते दाखवते. समजा 12 जुलै, शनिवार:

"हबवर 7.40 ला पोचलो. माल 9.10 ला मिळाला. पार्सलं 68. दिली 61. परत 7: चार ठिकाणी गिऱ्हाईक घरी नव्हतं, दोघांनी नाकारली, एक पत्ता सापडला नाही. कॅश 14,350, हबवर 7.55 ला जमा, पावतीचा फोटो काढला. किलोमीटर सकाळी 41,212, रात्री 41,286. पेट्रोल 200. सुटलो 8.15 ला."

एवढंच. लिहायला पाच मिनिटं लागत नाहीत. आता पेआउट आला आणि त्यात त्या दिवसाची 57 च पार्सलं दाखवली. नगाला 14 रुपये दर असेल तर 56 रुपये गळाले. एका दिवसाचे 56 म्हणून कुणी भांडत नाही, पण रोज असे चार नग गळाले तर 26 दिवसांत 1,456 रुपये होतात. "पैसे कमी आले" या गाऱ्हाण्याला कुणी उत्तर देत नाही. "12 जुलैचे 4 नग, 56 रुपये" या ओळीला उत्तर द्यावंच लागतं.

माल मिळेपर्यंत हबवर ताटकळलेला वेळही लिहा. वरच्या नोंदीत दीड तास बिनपैशाचा गेला आहे. तो कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही, फक्त तुमच्या वहीत दिसेल.

3. ॲप त्यांचं आहे, फोटो तुमचा

आयडी ब्लॉक झाला की ॲपमधला सगळा इतिहास तुमच्या डोळ्यांपुढून जातो. भांडण झाल्यावर स्क्रीनशॉट काढायला जाल तर लॉगिनच होणार नाही. म्हणून दिवस संपला की दिवसाचा, पेआउट आला की पेआउटचा, दर बदलल्याचा मेसेज आला की त्याचा स्क्रीनशॉट लगेच काढा. पडद्यावरची तारीख, वेळ आणि आयडी दिसलं पाहिजे. फोटो कापून, गोल करून, बाण काढून ठेवू नका. खुणा करायच्या तर प्रतीवर करा, मूळ जसंच्या तसं ठेवा.

हबच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय चालू आहे का, ते बघा. असेल तर रोजच्या रोज फोटो काढा. ग्रुपमधून काढून टाकण्याआधी चॅट एक्सपोर्ट करून स्वतःला मेल करा. टीम लीडर फोनवर तोंडी सांगत असेल तर फोन ठेवल्यावर मेसेज टाका: "आत्ता तुम्ही फोनवर सांगितलंत की उद्यापासून नगाला 12 रुपये. बरोबर ना?"

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. मोबाईलमधला पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते वकील करून घेतील. तुमचं काम एवढंच, की ज्या फोनमध्ये मूळ मेसेज आहेत तो विकू नका, फॉरमॅट करू नका. नवा घेतलात तरी जुना कपाटात ठेवा.

4. प्रत्येक कटौतीचं कारण लेखी मागा

पार्सल हरवलं, कॅश कमी भरली, गिऱ्हाइकाने तक्रार केली, माल फुटला. कारणं पुष्कळ, आणि कटौती परस्पर. वेतन संहिता 2019 मध्ये आली आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यातल्या या गोष्टी पाठ करा.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे. काम सोडलं किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत हिशेब पुरा झाला पाहिजे. पगाराची चिठ्ठी देणं मालकाचं काम आहे. माल हरवल्याबद्दल कापायचं तर तो तुमच्या हवाली केलेला असला पाहिजे, नुकसान तुमच्या हयगयीने झालेलं असलं पाहिजे, आणि कापण्याआधी तुमचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे. दंड पगाराच्या 3 टक्क्यांवर जाता कामा नये. सगळी कटौती मिळून निम्म्या पगाराच्या वर जाता कामा नये. राहिलेल्या पैशांचा दावा 3 वर्षांपर्यंत करता येतो. आणि कलम 59 तर सोन्यासारखं आहे: कामगाराने पैसे कमी दिल्याचा दावा केला, की पैसे दिले हे शाबीत करण्याची जबाबदारी मालकावर येते. पण दावा करायलाच तारीख आणि आकडा लागतो. म्हणून वही.

ठेकेदार पळून गेला तर? 50 किंवा त्याहून जास्त कंत्राटी कामगार असतील, तर ठेकेदाराने बुडवलेला पगार मुख्य मालकाने द्यायचा, असं व्यवसाय सुरक्षा संहितेत आहे. म्हणून आपल्या हबवर व्हेंडरची माणसं किती, याचीही अधूनमधून नोंद ठेवा.

पगाराच्या चिठ्ठीत भविष्यनिर्वाह निधी कापलेला दिसत असेल तर आपला यूएएन टाकून पासबुक उघडा आणि ती रक्कम तिथे पोचली का, ते बघा. चिठ्ठी आणि पासबुक दोन्हींचे फोटो एकत्र ठेवा.

5. जिवाचं गाऱ्हाणं वेगळ्या पानावर

पैशाच्या अर्जात शेवटी "आणि रस्ता पण धोक्याचा आहे" असं लिहू नका. कुणी वाचत नाही. जिवाच्या गोष्टीला स्वतंत्र पान द्या: जागा, वेळ, धोका, कुणाला सांगितलं, काय उत्तर आलं.

आपल्याकडचे धोके आपल्यालाच लिहावे लागतात. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी 40 फुटांवर गेली की इशारा, 45 ला धोका. ऑगस्ट 2019 मध्ये ती 57 फुटांच्या वर गेली होती. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड इथे पाणी आधी शिरतं, हे सांगलीच्या पोराला सांगावं लागत नाही. पण रूट लावणारा माणूस पुण्या-मुंबईत बसलेला असतो. अशा दिवशी त्याला मेसेज करा: "आयर्विनला पातळी 41 फूट. कर्नाळ रोडवर पाणी आलंय. या रूटची 9 पार्सलं आज देता येणार नाहीत. सोबत फोटो." प्रशासनाच्या इशाऱ्याचा स्क्रीनशॉट जोडा. मग तरीही "काहीही कर, पण दे" असं उत्तर आलं किंवा दंड लागला, तर ते त्या पानावर चिकटवा.

साताऱ्याकडे यवतेश्वरचा घाट, पाचगणीकडचा पसरणी घाट, पाटणच्या पुढचा कुंभार्ली घाट. पावसाळ्यात धुकं आणि दरडी. ऊस सुरू झाला की कराड, इस्लामपूर, तासगाव या पट्ट्यात रात्री मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा ट्रॉल्या उभ्या असतात. कोणत्या फाट्यावर, किती वाजता, ते लिहा. पिशवीचं वजन लिहा; गिरणीच्या काट्यावर एकदा तोलून फोटो काढा. व्हेंडरच्या टेम्पोचे टायर गुळगुळीत झाले असतील तर नंबरप्लेट आणि टायर एकाच फोटोत येईल असं बघा.

जिवाला लगेच धोका आहे असं सकारण वाटलं तर कामगाराने मालकाला आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकाला कळवावं, अशी तरतूद व्यवसाय सुरक्षा संहितेच्या कलम 14 मध्ये आहे. कळवल्याचा पुरावा म्हणजे तुमचा तो मेसेज.

6. अपघात झाला तर केसपेपरकडे लक्ष द्या

आधी जीव. 108 ला फोन, पोलिसांसाठी 112. गाडी हलवायच्या आत दोन-चार फोटो: गाडी, रस्ता, समोरच्या गाडीचा नंबर, पडलेली पार्सलं, मोबाईलवर चालू असलेली डिलिव्हरी.

मग दवाखाना. साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय असो, सांगलीचं वसंतदादा पाटील रुग्णालय असो की खाजगी दवाखाना, तिथे पहिला प्रश्न येतो, "काय झालं?" घाबरलेला मित्र म्हणतो, "गाडीवरनं पडला." तेवढंच केसपेपरवर उतरतं आणि पुढे तेच तुमच्या अंगावर येतं: हा तर आपल्या कामाने चालला होता. म्हणून बरोबर जाणाऱ्याला आत्ताच सांगून ठेवा, शब्द असे बोलायचे: "पार्सल द्यायला जाताना, अमुक रस्त्यावर, इतक्या वाजता, अमुक गाडीने धडक दिली." पोलिसी नोंद करा म्हणावं, म्हणजे एमएलसी. केसपेपरचा फोटो त्याच दिवशी काढा. औषधाची बिलं, एक्स-रे, डॉक्टरांनी दिलेली विश्रांतीची चिठ्ठी, बुडालेले दिवस, सगळं एका पाकिटात.

पोलीस ठाण्यात फिर्यादीची प्रत आणि घटनास्थळाचा पंचनामा मागा. मोटार अपघाताच्या दाव्याला 2022 पासून सहा महिन्यांची मुदत आहे. बरं वाटल्यावर बघू म्हणत बसू नका. कामावर असताना झालेल्या दुखापतीची भरपाई हा त्याहून वेगळा हक्क आहे, आणि ठेकेदाराच्या माणसाला तो मुख्य मालकाकडेही मागता येतो. दोन्ही वाटा वकिलांना विचारून घ्या. आणखी एक: गाडीच्या विम्यावर खाजगी वापर लिहिलेला असेल, तर धंद्यासाठी वापरली म्हणून विमा कंपनी तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवू शकते. पॉलिसी काढतानाच कामाचं खरं सांगा.

7. पाहिलं ते आणि तेवढंच

पाच जणांनी एकाच मजकुराखाली सह्या केल्या की समोरचा वकील विचारतो, कुणी लिहून दिलं? प्रत्येकाने आपल्या हाताने, आपल्या बोलीत, आपण डोळ्यांनी पाहिलेलं लिहावं. ऐकीव असेल तर "अमक्याने मला सांगितलं" असं लिहा. आकडा वाढवू नका. 3 दिवसांचे पैसे राहिले असतील तर 3 च लिहा; एक खोटा दिवस बाकीचे खरे दिवस बुडवतो.

गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, फोन नंबर कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. पार्सलचा फोटो जोडायचाच तर पत्ता झाका, पार्सलचा नंबर तेवढा दिसू द्या. त्यांनी विश्वासाने दार उघडलेलं असतं.

सगळ्यांची गाऱ्हाणी एक जण गोळा करत असेल तर त्याने यादीत नावांऐवजी क्रमांक घालावेत आणि कोणता क्रमांक कुणाचा, तो कागद वेगळा ठेवावा. ज्याचं गाऱ्हाणं आहे त्याला विचारल्याशिवाय ते पुढे पाठवू नये. आयडी त्याचा बंद होणार आहे, चूल त्याच्या घरची.

8. अर्ज एका पानाचा, आणि पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही

आधी व्हेंडरला लेखी कळवा, प्रत कंपनीला मेलने. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर जिल्ह्याच्या सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. साताऱ्यातही आहे, सांगलीतही आहे. अर्जात पाच गोष्टी: तुम्ही कोण, कुणाकडे कधीपासून काम करता, काय घडलं ते तारखांनिशी, काय मागणी आहे, सोबत कोणते कागद जोडले. मागणी स्पष्ट असावी: "जून आणि जुलैचे मिळून 3,920 रुपये मिळावेत आणि कटौतीचा तपशील लेखी मिळावा." "न्याय मिळावा" एवढंच लिहिलं तर साहेबाने नक्की काय करायचं?

मूळ कागद कुणालाही देऊ नका, झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. हीच पोच. साहेब रजेवर असले तरी आवक-जावकच्या टेबलावर पोच मिळते. टपालाने पाठवायचं तर स्पीड पोस्टाने, आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा.

महिना उलटून काही हललं नाही तर माहितीच्या अधिकारात 10 रुपयांचा अर्ज टाका: "आवक क्रमांक अमुक, या अर्जावर आजवर काय कार्यवाही झाली?" 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, फोन 15100.

जे थेट ॲपवर काम घेतात त्यांनी ई-श्रमवर नाव नोंदवा. सामाजिक सुरक्षा संहितेत अशा कामगारांसाठी कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम द्यायची आहे. डिसेंबर 2025 च्या मसुदा नियमांत लाभासाठी वर्षात एका कंपनीकडे 90 दिवस किंवा अनेकांकडे मिळून 120 दिवस कामाची अट होती. ते दिवसही वहीतच मोजलेले असतील.

9. एकट्याची वही ठेवू नका

पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे अण्णासाहेब पाटील मुंबईच्या बाजारात गेले, तेव्हा हमालाला कुणी मालक नव्हता. आज या पेढीचं पोतं, उद्या त्या पेढीचं. मजुरी टोळीच्या मुकादमाच्या तोंडी हिशेबावर. त्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा आला. त्याने काय केलं? कामगाराची नोंद, मालकाची नोंद, आणि मजुरी मंडळाकडे भरून मंडळामार्फत वाटप. ज्याचा हिशेबच नव्हता त्याच्या प्रत्येक पोत्याची नोंद झाली. तुमच्यासारखेच आज इथे, उद्या तिथे राबणारे ते लोक. ते एकत्र आले म्हणून हे झालं, आपोआप कुणी दिलं नाही.

म्हणून हबवरचे चार-पाच जण एक व्हा. ज्याचं अक्षर बरं आहे त्याने फाईल सांभाळावी, ज्याला मोबाईलचं कळतं त्याने फोटोंची दुसरी प्रत ठेवावी, ज्याला बोलता येतं त्याने कचेरीत जावं. जवळच्या कामगार संघटनेत जाऊन बसा. जुन्या माणसांना अर्जांच्या वाटा ठाऊक असतात. दर महिन्याच्या 7 तारखेला संध्याकाळी सगळ्यांनी वह्या आणि पेआउट शेजारी शेजारी ठेवून आकडे जुळवा. ज्याचा जुळणार नाही त्याचा अर्ज तिथेच बसून लिहा, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. लिहायला कुणी नसेल तर माझ्या घरी या. वही तेवढी घेऊन या, बाकीचं मी बघते.